ज्वारी, सोयाबीन आणि आपले ताट

(हिंगोली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आहार, राहणीमान, आरोग्य आणि पर्यावरण असा विषय आजच्या सत्रासाठी संयोजकांनी मला दिला. हा विषय ऐकून आपल्यातलेच एक जुने सहकारी मला म्हणाले, "सर, हे शहरातल्या खाऊन-पिऊन सुखी लोकांचे विषय आहेत. इथे सोयाबीनला भाव नाही, तुम्ही त्यावर बोला." मी त्यांना एवढेच म्हणालो की, मी सोयाबीनवरच बोलणार आहे. त्यांच्या आक्षेपात तथ्य नाही असे मला म्हणायचे नाही. आहाराविषयी वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर जे काही सांगितले जाते, ते सगळे असे गृहीत धरून की काय खावे हे माणूस रोज सकाळी मोकळ्या मनाने ठरवतो. औंढ्याच्या किंवा सेनगावच्या शेतमजूर बाईला असे काही ठरवता येत नाही. शिधापत्रिकेवर काय मिळते, मोंढ्यात काय पिकून येते आणि किराणा दुकानात उधारीवर काय मिळते, या तीन गोष्टी तिचे ताट ठरवतात. या तिन्ही गोष्टी शासनाच्या आणि बाजाराच्या धोरणाने ठरतात. म्हणून 'जीवनशैली' हा शब्द मी आज शक्य तेवढा टाळणार आहे. त्या शब्दाने दोष खाणाऱ्याच्या माथी जातो आणि धोरण ठरवणारा नामानिराळा राहतो.

आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करू. हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या नद्यांच्या काठची काळी, ओल धरून ठेवणारी जमीन. या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या खरिपात आणि रब्बीत ज्वारी उभी राहिली. ज्वारीच्या तासांत तूर, मूग, उडीद आणि कडेला अंबाडी. रब्बीत करडई, जवस, हरभरा. आज आपण पावसाळ्यात वसमतपासून सेनगावपर्यंत बसने गेलो तर काय दिसते? सोयाबीन, कापूस, आणि पाण्याची सोय आहे तिथे हळद किंवा ऊस. महाराष्ट्रात सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्वारीखाली साठ लाख हेक्टरांच्या आसपास जमीन होती. आज तिचा तिसरा हिस्सा उरला असेल-नसेल. मराठवाड्यातली खरीप ज्वारी तर जवळजवळ इतिहासजमा झाली आहे.

शेतकऱ्याने ज्वारी का सोडली, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. नाहीतर आपणही व्यासपीठावरून त्याला उपदेश करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसू. खरिपाची ज्वारी दाण्यात असताना पावसाने गाठले की कणीस काळे पडते आणि त्या दाण्याला मोंढ्यात कोणी विचारीत नाही. पाखरे राखायला माणूस हवा. रानडुकरे आणि रोही यांचा उपद्रव वाढला आहे. काढणी, कणसे मोडणे, कडब्याच्या पेंढ्या बांधणे, खळे करणे ही सगळी कंबर मोडणारी कामे आहेत आणि त्यांना मजूर मिळत नाही. याउलट सोयाबीन शंभर दिवसांच्या आत-बाहेर हाती येते, मळणीयंत्रातून निघते, नगद पैसा देते आणि मागे हरभऱ्याला रान मोकळे करून देते. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ३,६९९ रुपये आणि सोयाबीनची ५,३२८ रुपये जाहीर झाली. सोयाबीनला हा भाव बाजारात मिळत नाही ही आपली तक्रार रास्तच आहे. परंतु ज्वारीची अवस्था अशी की तिचा आधारभाव निव्वळ कागदावर असतो, कारण वेळेवर खरेदी करणारा कोणी नसतो. अशा परिस्थितीत शेतकऱ्याने सोयाबीन निवडले यात त्याचे काहीही चुकले नाही. तो आपल्या जागी शहाणपणानेच वागला.

प्रश्न असा की, शेतकऱ्यांच्या या वेगवेगळ्या शहाणपणांची बेरीज होऊन जिल्ह्याच्या ताटात काय पडले?

सोयाबीनचा दाणा घाण्यातून काढला तर त्यात तेल निघते सुमारे अठरा ते वीस टक्के. उरलेली पेंड. ही पेंड प्रथिनांनी भरलेली असते, आणि ती जाते कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशात. म्हणजे हिंगोलीच्या मातीतले प्रथिन हिंगोलीच्या मुलाच्या पोटात न जाता बाहेर जाते. आता त्याच घरातली तेलाची पिशवी पाहा. एकेकाळी या भागात करडईचे तेल असे. गावात तेलघाणा असे, शेतकरी घरची करडई घेऊन जाई, तेल घेऊन येई आणि ढेप बैलाला घाली. आज मजुराच्या घरात सर्वांत स्वस्त म्हणून जे तेल येते ते बहुधा पामतेल, आणि ते येते इंडोनेशिया-मलेशियातून. हॉटेलातले भजे त्यातच तळलेले, पाच रुपयांच्या पुडीतले कुरकुरीत खाणे त्यातच तळलेले, आणि बिस्किटातही तेच. तेलबिया पिकवणारा जिल्हा समुद्रापलीकडचे तेल खातो. तिकडे त्या तेलासाठी पावसाळी जंगले तोडली गेली. आपल्या कढईचा आणि बोर्निओच्या जंगलाचा संबंध आहे हे मी सांगितले तर ते परवापर्यंत कोणाला थट्टा वाटली असती.

हे आपोआप घडलेले नाही. १९८६ साली तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी आपला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ साली पामोलिनच्या आयातीला मोकळीक देण्यात आली, पुढे आयातशुल्कही उतरत गेले, आणि आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर वीस टक्के मूलभूत आयातशुल्क लावले. मे २०२५ च्या अखेरीस ते दहा टक्क्यांवर आणले. हिंगोलीच्या मोंढ्यात सोयाबीनच्या ढिगापाशी उभा असलेला शेतकरी आडत्याला शिव्या देतो. त्याचा भाव पुष्कळ अंशी या शुल्काने आणि पेंडेच्या जागतिक बाजाराने ठरलेला असतो.

इथे आपल्याच पक्षापुढे एक अवघड पेच आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपण एका ठरावात सोयाबीनला चढा भाव मागतो आणि दुसऱ्या ठरावात स्वस्त तेल मागतो. शुल्क वाढवले तर शेतकऱ्याचा फायदा, पण मजुराच्या घरातली फोडणी महागते. १९७२ नंतर मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी मुंबईत महागाईविरोधी लाटणे मोर्चे काढले तेव्हा प्रश्न भावाचा आणि पुरवठ्याचा होता, आणि तो बिनतोड होता. आज त्याच प्रश्नात तिसरा धागा आला आहे: वस्तू कोणती, ती कुठे पिकते आणि तिने शरीराचे व जमिनीचे काय होते. हा धागा न धरता नुसता भावाचा प्रश्न सुटत नाही, असे माझे मत आहे.

आता धान्याकडे वळू. आमच्या पिढीला १९७२ चा दुष्काळ आठवतो. मी त्या वेळी शाळकरी पोर होतो. खडी फोडणाऱ्या, पाझर तलावावर माती वाहणाऱ्या माणसांना सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी धड थापता येत नसे आणि घशाखालीही उतरत नसे. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना आली, वि. स. पागे यांचे नाव तिच्याशी जोडले गेले, आणि ही योजना पुढे साऱ्या देशाने स्वीकारली. हे आपण अभिमानाने सांगतो. धान्याच्या बाबतीत मात्र आपण दुसऱ्या वाटेने गेलो. भारतीय अन्न महामंडळ १९६५ साली स्थापन झाले आणि त्याची सारी यंत्रणा गहू-तांदळाभोवती उभी राहिली. साठ-सत्तरच्या दशकांत महाराष्ट्र शासन ज्वारीची एकाधिकार खरेदी करीत असे. ज्वारी रेशनवर येत असे. ती पद्धत निर्दोष नव्हती, शेतकऱ्यांचा तिच्यावर रागही होता, परंतु ज्वारी सरकारने खरेदी करून वाटणे अशक्य आहे असे जे आज सांगतात त्यांना हा इतिहास ठाऊक नसावा.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. २०२३ पासून ते मोफत आहे. या कायद्याला कमी लेखणाऱ्यांपैकी मी नाही. उपासमार मागे रेटण्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्याच कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूदही आहे. पण आपल्या दुकानात वर्षानुवर्षे आला तो गहू आणि पॉलिशचा पांढरा तांदूळ.

पोषणाचा हिशेब सांगतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांप्रमाणे शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू आणि चार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. तेवढ्याच पॉलिशच्या तांदळात तंतू तीन ग्रॅमांपेक्षा कमी आणि लोह एक मिलिग्रॅमही नाही. गव्हाचे अख्खे पीठ मात्र ज्वारीच्या तोडीचे आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गव्हाला खलनायक ठरवणाऱ्या ज्या चित्रफिती तुमच्या भ्रमणध्वनीवर येतात त्या खुशाल पुसून टाका. दोष मैद्याचा आहे, आणि ताटातली विविधता नाहीशी होऊन नुसता भात, नुसते पिष्ट राहण्याचा आहे.

ज्वारीचे गोडवे गातानाही तोल सुटू नये. साठच्या दशकात हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या पठारावरच्या, ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा नावाचा रोग अभ्यासला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, हगवण लागते, बुद्धी भ्रमते. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा हा रोग. ज्यांच्या ताटात ज्वारीशिवाय दुसरे काहीच नव्हते त्यांना तो होत असे. डाळ, दूध, इतर धान्य मिळणाऱ्यांना नाही. तेव्हा 'आमचे पूर्वज भाकरी खाऊन ठणठणीत होते' हे वाक्य ज्यांच्या पूर्वजांकडे भाकरीबरोबर तूप होते त्यांनीच म्हणावे. आपल्या नर्सीच्या नामदेवांची कथा सर्वांना माहीत आहे. कुत्रा भाकरी घेऊन पळाला तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. आपल्याकडे माणसांच्या भाकरीमागेही कोणी वाटी घेऊन धावले नाही.

आणि आज? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. चौथ्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. पाच वर्षांखालच्या बालकांत पस्तीस टक्के खुरटलेली. दुसऱ्या बाजूला २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अभ्यासाने देशात दहा कोटींहून अधिक प्रौढ मधुमेही असल्याचा अंदाज दिला. पूर्वी मधुमेह हा सावकाराचा, वकिलाचा रोग समजला जाई. आता एकाच घरात सासूला साखरेची गोळी, सून रक्तक्षयी आणि नातू वजनात कमी, असे चित्र कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहायला मिळेल. तिघेही एकाच चुलीवरचे खातात. भात, पातळ वरण, पामतेल, साखरेचा चहा आणि पुडीतला खाऊ या ताटात उष्मांक पुरेसे होतात, बाकीचे काहीच पुरेसे होत नाही. मजूर बाईच्या शरीरश्रमाने काही काळ ते झाकले जाते. ट्रॅक्टर आणि तणनाशक आले, कामाचे दिवस घटले, की ते उघडे पडते.

तणनाशकाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगतो, जी कोणत्याही पाहणीत मोजली जात नाही. खुरपणीला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत तांदुळजा, पाथरी, घोळ, केना, तरोटा असे काही तरी घेऊन येई. ती तिची फुकटची भाजी, तिचे लोह आणि तिची जीवनसत्त्वे. सोयाबीनमध्ये तण मारण्याचे औषध फवारले की खुरपणीची मजुरी गेली आणि ओटीतली भाजीही गेली. अर्थशास्त्रात आम्ही मजुरी रुपयांत मोजायला शिकवले. ही ओटी आमच्या कोष्टकात कधी आलीच नाही.

जमिनीचेही तसेच. ज्वारी एकटी येत नसे, कडबा घेऊन येई. कडब्यावर बैल-म्हैस जगत, त्यांच्या शेणाने जमीन जगे, दुधाचा थेंब घरात येई. ज्वारी गेली, कडबा महागला, जनावरे विकली गेली, शेणखत संपले, युरियाची गोणी वाढली. सोयाबीन द्विदल असल्याने हवेतला नत्र जमिनीत बांधते, हा त्याचा गुण मान्य केला पाहिजे. परंतु शेणाची जागा ते घेऊ शकत नाही. २०१५ च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाचे काय करायचे याचे उत्तर शेतकऱ्यावर टाकून सरकार मोकळे झाले. त्याने उत्तर दिले: जनावर ठेवायचेच नाही. गरिबाच्या ताटातले स्वस्त मांसही त्याच कायद्याने गेले.

आणि आपल्या रेशनचा तांदूळ-गहू येतो कुठून? पुष्कळसा पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेश, छत्तीसगडातून. पंजाबात दरवर्षी जेवढे पाणी जमिनीत मुरते त्याच्या दीडपटीहून अधिक उपसले जाते आणि ते मुख्यतः भातासाठी. भाताचे पाणथळ शेत मिथेन वायू सोडते, आणि यंत्राने कापलेल्या भाताचा पेंढा तिथे जाळला जातो. आपल्याकडे पावसावर येणारे धान्य, ज्याचे ताट जनावर खाते, ते आपण सोडले. आणि खोल विहिरींच्या पाण्यावर पिकलेले, ज्याचा पेंढा आगीत जातो, ते हजार मैलांवरून मागवले. जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे तिसरा हिस्सा अन्नव्यवस्थेतून निघतो असे शास्त्रज्ञ सांगतात. त्यात कळमनुरीच्या आंध आदिवासी कुटुंबाचा वाटा नगण्य आहे. तापमान वाढले, पाऊस लहरी झाला, तर सोयाबीन भिजून जाण्याचा फटका मात्र पहिल्यांदा त्यालाच बसतो.

२०१९ साली 'ईट-लॅन्सेट' आयोगाने पृथ्वीला आणि शरीराला दोन्हींना मानवेल असा आहार सुचवला. भाज्या, फळे, डाळी, तेलबिया, थोडे दूध, थोडी अंडी. उत्तम. पुढच्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी हिशेब मांडला की जगातल्या दीड अब्जाहून अधिक माणसांना तो परवडत नाही. मला वाटते आपल्या चळवळीचे काम नेमके या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

ते काम कोणते, याविषयी थोडे. पहिले, शाळेतले अन्न. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजवलेले जेवण हा मुलांचा हक्क झाला. महाराष्ट्रात ते बहुतेक वेळा तांदळाच्या खिचडीपुरते राहिले. २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एक अंडे, अंडे न खाणाऱ्यांना केळे, असा चांगला निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांसाठीचा निधीच बंद केला. हिंगोलीच्या सोयाबीनची पेंड खाऊन कोंबडीने घातलेले अंडे हिंगोलीच्या मुलाला मिळू नये, यावर आपण एकही मोर्चा काढला नाही. भावनांच्या राजकारणाला आपण घाबरलो असे मला वाटते.

दुसरे, करडई. मोठा कारखाना नको. वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा करणाऱ्या या भागात दहा गावांमागे एक तेलघाणा सहकारी पद्धतीने चालवणे अशक्य नाही. काटे टोचतात म्हणून करडई काढायला मजूर येत नाहीत, हे खरे. बिनकाट्याचे वाण आणि यंत्राने काढणी हे त्यावरचे मार्ग आहेत. तेल पामपेक्षा महाग पडेल. म्हणूनच मजुराच्या शिधापत्रिकेवर त्याचा फरक शासनाने सोसावा ही मागणी हवी. सोयाबीनचा भाव की स्वस्त तेल, हा मघाचा पेच अशा मार्गानेच थोडा सैल होतो.

तिसरे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते ज्वारीचे. २०२३ हे भारताच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. मेजवान्या झाल्या, शहरात ज्वारीची बिस्किटे रंगीत पुड्यांत आली. रेशन दुकानात काय आले? परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती'सारखे रब्बीचे वाण दिले. सोलापूरकडची मालदांडी आहेच. वाण आहे, जमीन आहे, खाणारा आहे. खरेदीदार नाही.

इथे भगिनी बसल्या आहेत, त्यांच्या मनातला प्रश्न मी ओळखतो. भाकरी थापणार कोण? पोळ्या सकाळी करून दुपारपर्यंत टिकतात, भात कुकरला लावून कामावर जाता येते. भाकरी एकेक थापावी लागते, पीठ ताजे लागते. घराघरांतून ज्वारी जाण्यात स्त्रियांच्या या थकव्याचाही हात आहे आणि तो थकवा खरा आहे. पुरुषांनी भाकरी थापायला शिकावे, हे मी आमच्या घरापासून सांगू शकतो. माझी भाकरी अजून गोल होत नाही, पण भाजते चांगली. शिवाय ज्वारी म्हणजे केवळ भाकरी नव्हे. कण्या, घुगऱ्या, आंबील हे सगळे भातासारखे पातेल्यात होते आणि खिचडीच्या जागी शाळेतही चालते.

रब्बीची ज्वारी हस्त नक्षत्राच्या मागेपुढे पेरली जाते. खरेदी केंद्रे उघडण्याची घोषणा मात्र माल मोंढ्यात व्यापाऱ्याला विकून झाल्यावर होते, आणि मग केंद्रावर माल आला नाही म्हणून पुढच्या वर्षी ते उघडत नाही. तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे ते ऑगस्टमध्ये. पाचही तालुक्यांत केंद्र कुठे असेल, किती क्विंटल घेणार आणि त्यातली किती याच जिल्ह्याच्या रेशनवर वाटणार, हे तिन्ही पेरणीआधी लेखी मागायचे. निवेदनाचा मसुदा मी करून आणला आहे. चहाच्या सुटीत प्रत्येक तालुक्याच्या साथींनी एक-एक प्रत न्यावी आणि आपल्या गावात यंदा किती जण ज्वारी पेरायला तयार होतील, त्यांची नावे व एकर खाली भरून आणावेत.